काळा आहे, पण ऊन अडवतो का?

माझा मामा म्हापशाला पायलट आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पायलट म्हणजे काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवर मागे बसवून भाड्याने माणसं पोचवणारा. सकाळी आठला स्टँडवर लागतो, तो दिवे लागेपर्यंत रस्त्यावर. अशी तीस वर्षं झाली. दोन वर्षांमागे त्याच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने गुलाबी मांसाची एक पात बुबुळाकडे सरकायला लागली. डोळा सारखा लाल, आत खडा गेल्यासारखं खुपणं. धूळ गेली असेल म्हणून तो आपला पाणी मारत राहिला. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि लगेच सांगितलं, वडस आहे. ऊन, वारा, धूळ यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतो. छोटी शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना त्यांनी बजावलं, काढल्यावरही तो पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे उन्हात गॉगल लावल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही.

"पण मी तर रोज लावतो!" मामाने खिशातून गॉगल काढून टेबलावर ठेवला. बाजारात घेतलेला, काळाकुट्ट. "बाय, ह्याच्याहून काळा मिळतो काय?"

त्या प्रश्नामुळे मी या विषयात शिरले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ओळखीच्या चष्मेवाल्याकडे दुपार-दुपार बसले. जे समजलं त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की गॉगलचा काळेपणा आणि गॉगल देतो ते संरक्षण यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

उन्हात दोन गोष्टी असतात. एक दिसणारा उजेड, ज्याने डोळे दिपतात. दुसरे न दिसणारे अतिनील किरण, दुकानदाराच्या भाषेत यूव्ही. प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. जांभळ्या रंगाच्या टोकाला, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या आसपास, आपल्याला दिसणारा उजेड संपतो आणि त्याखाली अतिनील सुरू होतात. ३१५ ते ४०० म्हणजे यूव्ही-ए, २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी. त्याहून लहान लहरी ओझोनचा थर वरच्या वर शोषून घेतो. यूव्ही-बी मुख्यतः डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पटलात अडतो, यूव्ही-ए त्याच्या मागच्या भिंगापर्यंत पोचतो. हे किरण दिसत नाहीत, त्या क्षणी जाणवतही नाहीत. त्यांचा हिशेब वर्षानुवर्षं साठत जातो आणि मग वडस, मोतीबिंदू अशा रूपांत समोर येतो.

आता काच काळी करायची तर तिच्यात रंग घालतात. तो दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील अडवण्याचा गुण मात्र वेगळा असतो. तो काचेच्या मूळ द्रव्यातच असतो किंवा वेगळा मिसळावा लागतो, आणि त्याला रंग नसला तरी चालतो. खिडकीला जाड पडदा लावला तर खोलीत काळोख होतो, पण डास फटीतून येतातच. बारीक जाळी बसवली तर उजेड तसाच राहतो आणि डास बाहेर. तसंच, पाण्यासारखी स्वच्छ, बिनरंगाची काच जवळजवळ सगळे अतिनील अडवू शकते आणि मामाच्या गॉगलसारखी काळीकुट्ट काच ते बिनदिक्कत आत सोडू शकते.

आणि तसं झालं तर काळी काच नुसती निरुपयोगी राहत नाही. प्रखर उन्हात डोळ्याची बाहुली आकसून साधारण २ मिलिमीटरची होते, आपण डोळे बारीक करतो, पापण्या अर्ध्या मिटतात. ही शरीराची स्वतःची सोय आहे. काळी काच समोर आली की डोळ्याला वाटतं सावली आली. बाहुली पसरते, पापण्या उघडतात. बाहुली २ ची ४ मिलिमीटर झाली तर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं. काचेने अतिनील अडवले नसतील तर आता त्यांना चौपट मोठं दार मिळालं.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न "यूव्ही ४०० आहे का?" हाच हवा. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण काच अडवते. नुसतं "यूव्ही प्रोटेक्शन" लिहिलेलं असेल तर ते किती, कुठपर्यंत, हे कळत नाही. स्टिकर तर कुणीही छापतो. त्यामुळे दुसरा प्रश्न: "मशीनवर दाखवता का?" चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील मोजण्याचं छोटं यंत्र असतं. काच त्यात धरली की किती टक्के किरण आरपार गेले ते कळतं. पणजीला अठरा जून रस्त्यावर असो की फोंड्याच्या बाजारात, चांगला दुकानदार हे आनंदाने करून दाखवतो. घरातले जुने गॉगलही घेऊन जा.

घरी किंवा किराणा दुकानात करण्यासारखी एक ढोबळ चाचणी आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा घ्या. त्याखाली नोट धरली की तिच्यातले बारीक तंतू आणि नंबराची शाई चमकते. आता दिवा आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरा आणि नोटेकडे बाजूने बघा, काचेतून नव्हे. चमक विझली तर काच निदान त्या दिव्याचे किरण अडवते. चमकत राहिली तर तो गॉगल टाकून द्या. हे काही पक्कं मोजमाप नव्हे, दिव्याची लहर एकच असते, पण वाईट काच लगेच उघडी पडते. दिव्यात थेट डोळे घालून मात्र बघू नका. मामाच्या गॉगलखाली नोट अशी झळकली की मामा बराच वेळ काही बोललाच नाही.

पण काच कितीही चांगली असली तरी ऊन फक्त समोरून येत नाही. हे मला वडसामुळे समजलं. तो बहुतेक वेळा नाकाकडच्या बाजूलाच का होतो? डोळ्याचा पुढचा भाग फुगीर असतो, भिंगासारखा. कानशिलाच्या बाजूने तिरकं आलेलं ऊन त्या फुगीर पटलातून वळतं आणि पलीकडे, नाकाच्या बाजूच्या कडेवर, एकवटतं. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, त्याच जातीची गोष्ट. मिनास कोरोनिओ या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञाने हे दाखवून दिलं. म्हणजे छोट्या गोल काचांचा, नाकावर घसरलेला गॉगल समोरून कितीही उत्तम असला तरी बाजूचं दार उघडंच. काच भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत पोचली पाहिजे, कडेने थोडी वळून कानशिलाकडे गेली पाहिजे, आणि गॉगल डोळ्याच्या जवळ बसला पाहिजे, फक्त पापण्यांचे केस काचेला लागू नयेत. दुकानात घालून बघताना आरशात चेहरा बघून झाला की मान वळवा आणि दिव्याखाली उभे राहा. बाजूने आणि वरून किती उजेड आत येतो ते बघा. दांड्या रुंद असतील तर त्याही आडोसा करतात, फक्त गाडी चालवताना कडेचं दिसणं त्यांनी झाकू नये.

गोव्यात हे जास्तच लागू पडतं. आपण साधारण १५ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या मध्याजवळ. ऑगस्टात ढग असतात, पण पातळ ढगांतून अतिनीलचा बराच भाग खाली येतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा गोव्यातला सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. त्याला साधारण साडेबारा होतात. ऐन माथ्यावर असताना भुवईचं हाड डोळ्यावर थोडी सावली धरतं. सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीननंतर मात्र सूर्य तिरका होऊन सरळ डोळ्यात येतो. त्यामुळे "आता ऊन उतरलं" म्हणून गॉगल काढायची घाई नको. शिवाय खालून येणारं ऊन आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील परत फेकते आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. टोपी वरचं ऊन अडवते, वाळूवरून उसळलेलं नाही. कळंगुटला दिवसभर उभे राहणारे जीवरक्षक, आगरवाड्याच्या मिठागरात पांढऱ्या राशींमध्ये काम करणारी माणसं, होडीवरचे मच्छीमार, आमचे पायलट, यांना गॉगल लागतो तो पायातल्या वहाणांसारखा. चार दिवस फिरायला येणाऱ्यांच्या डोळ्यांवर तो दिसतो आणि यांच्या डोळ्यांवर नाही, हे मला आता बघवत नाही.

काळेपणाचा मग उपयोग काय? डोळ्यांना आराम. त्याचंही माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ अशा पाच श्रेणी आहेत. चांगल्या गॉगलच्या दांडीच्या आत हा आकडा कोरलेला असतो. श्रेणी ३ ची काच फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, समुद्रकिनाऱ्यावर आणि भर उन्हात तीच बरी. श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के येतो. श्रेणी ४ मधून जेमतेम ३ ते ८. ती हिमशिखरांसाठी आहे आणि ती घालून गाडी चालवायचीच नसते. मामाला मी श्रेणी ३ ऐवजी २ घ्यायला लावली. कारण त्याचा रस्ता. मोकळ्या उन्हातून गाडी एकदम माडांच्या, आंब्यांच्या गर्द सावलीत शिरते, वळणावर कुणी म्हातारी चालत असते, आणि त्या दोन सेकंदांत काळ्या काचेतून ती दिसत नाही. अतिनील दोन्ही श्रेणींत पूर्ण अडवता येतात, मग काळोख विकत कशाला घ्यायचा? वरून गडद आणि खाली फिकी होत जाणारी काचही गाडीवाल्यांना सोयीची, पण वाळूवर किंवा होडीत ती कमी पडते, कारण तिथे चकाकी खालूनच येते.

चकाकीवरून पोलराइज्ड काचांचा विषय निघतो. इथे दुकानदार सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. "पोलराइज्ड आहे, म्हणजे यूव्ही आलंच" असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. दोन्ही गुण वेगळे आहेत, एका काचेत असू शकतात, नसूही शकतात.

प्रकाशाची लहर पुढे जाताना कंप पावते, उभी, आडवी, सगळ्या दिशांना. पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून तो तिरका परतला की त्यात आडवा कंप जास्त उरतो. १८०८ मध्ये एतिएन-लुई मालूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला तशी ती झळाळी कमी-जास्त होताना त्याला दिसली. पोलराइज्ड काच म्हणजे उभ्या गजांची खिडकी समजा. उभी धरलेली काठी आत जाते, आडवी अडते. त्यामुळे चकाकी जाते आणि तिच्याखालची वस्तू दिसते.

हे अनुभवायचं तर रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत बसा. कठड्याला टेकून पाण्याकडे तिरकी नजर टाका आणि गॉगल हळूहळू उभा-आडवा फिरवा. नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तिथे परिणाम सर्वांत जास्त. पांढरा झगझगाट नाहीसा होऊन मांडवीचं खरं, हिरवट-मातकट पाणी समोर येतं. पायाखाली सरळ बघितलंत तर फारसा फरक पडणार नाही. गळ टाकून बसणाऱ्यांना आणि होडीवाल्यांना हे वरदान आहे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ऊन पडतं तेव्हा गाडीवाल्यांनाही.

काही गैरसोयी आहेत. मोबाईलचा पडदा एका कोनात काळा पडतो. गाडीच्या काही डिजिटल मीटरचंही तसंच होतं, तेव्हा घेण्याआधी आपल्या गाडीवर बसून बघा. काही मोटारींच्या मागच्या काचेवर ठिपके-ठिपके दिसू लागतात. तो गॉगलचा दोष नव्हे, काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण दिसतो. काच खरंच पोलराइज्ड आहे का, हे तपासायलाही मोबाईलच वापरा. गॉगल पडद्यासमोर धरून फिरवा, अंधारला तर आहे.

रंगाचं लवकर सांगते. राखाडी रंगात जग जसं आहे तसं दिसतं. तपकिरी रंगात निळा थोडा गळतो आणि खड्डे-दगड उठून दिसतात. हिरवा दोघांच्या मधला. निळ्या, गुलाबी, लाल काचा हौसेला ठीक, सिग्नलचे रंग मात्र त्यांत गडबडतात. रात्री गाडी चालवायला म्हणून पिवळे चष्मे विकतात ते घेऊ नका. रात्री आधीच उजेड कमी, त्यातला आणखी कशाला अडवायचा? आरशासारखी चमकणारी काच थोडा जास्त उजेड परतवते, पण तिचा तो थर खाऱ्या वाळूने लवकर ओरबाडला जातो.

"काच" म्हणतो तरी बहुतेक गॉगलमध्ये आता प्लॅस्टिकच असतं. पॉलिकार्बोनेट हे त्यातलं दुचाकीवाल्यांसाठी सर्वांत योग्य. दगड उडून आला तरी सहसा फुटत नाही आणि अतिनील अडवण्याचा गुण त्याच्या अंगातच आहे. ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून वर कडक थर हवा. सीआर-३९ हे १९४० च्या दशकात अमेरिकेत निघालेलं दुसरं प्लॅस्टिक. त्यातून दिसतं जास्त स्वच्छ, पण ४०० पर्यंत अडवायला त्याला वेगळी जोड लागते. खरी काच ओरखड्यांना दाद देत नाही, पण जड असते आणि अपघातात तिची भीती. गाडीवर ती नकोच.

काच नीट घडवलेली आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. गॉगल हात लांब करून धरा, त्यातून दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ बघा आणि गॉगल सावकाश हलवा. रेघ वाकली, लाटेसारखी हलली, तर ठेवून द्या. अशा गॉगलने डोळे बिघडत नाहीत, पण दिवसभर डोकं चढतं आणि माणूस गॉगल वापरायचाच सोडतो.

महागडा ब्रँडच घ्यावा का? अतिनील अडवणं हे फारसं खर्चाचं काम नाही. साधा गॉगल त्यात पूर्ण उतरू शकतो. जास्तीचे पैसे जातात ते काचेच्या घडणीला, थरांना, फ्रेमला आणि नावाला. बॉश अँड लोम्ब या अमेरिकी कंपनीने १९३७ मध्ये रे-बॅन बाजारात आणला, तो विमानाच्या पायलटांना डोळ्यासमोर ठेवून. पुढे १९९९ मध्ये तो इटलीच्या लक्झोटिकाकडे गेला, २००७ मध्ये ओकली ही गॉगल बनवणारी कंपनीही लक्झोटिकाकडेच आली, आणि आता एसिलॉर-लक्झोटिका या एकाच छत्राखाली अशी कितीतरी नावं आहेत. नावाची हौस असेल तर जरूर घ्या, फक्त पक्क्या दुकानातून आणि बिलासकट. या नावांची नक्कल इतकी होते की रस्त्यावर मिळणाऱ्या "ब्रँडेड" गॉगलपेक्षा चष्म्याच्या दुकानातला बिननावाचा, यंत्रावर तपासलेला गॉगल मी डोळे मिटून घेईन.

मामाला लांबचा नंबर आहे. नंबरवाल्यांनी तोच नंबर गॉगलच्या काचेत करून घ्यावा. नंबराच्या चष्म्यावरून लावायचा मोठा गॉगलही मिळतो. उन्हात आपोआप काळी होणारी काच, जिला जुनी माणसं फोटोसन म्हणतात, ती पायी फिरायला छान. पण ती अतिनीलमुळेच काळी होते, आणि मोटारीची पुढची काच ते आधीच अडवते, त्यामुळे मोटारीत ती फिकीच राहते. गरम हवेतही ती थंड प्रदेशाइतकी गडद होत नाही, आणि आपल्याकडे गरम नसतं कधी? आईने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा गॉगल तीन वर्षं वापरला. तो काही आठवड्यांपुरता असतो. मुलांना जत्रेतला खेळण्यातला गॉगल उन्हात लावू देऊ नका. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं स्वच्छ असतं की अतिनील त्यातून मोठ्यांपेक्षा जास्त आत, डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत जातात. आणि ग्रहण कुठल्याच गॉगलमधून बघायचं नाही, श्रेणी ४ मधूनसुद्धा नाही.

फ्रेम निवडताना आपली खारी, दमट हवा लक्षात ठेवा. स्वस्त धातूवर नाकापाशी हिरवा गंज चढतो, बिजागरीचा स्क्रू गंजून अडकतो. नायलॉनच्या जातीची लवचीक फ्रेम, किंवा ऐपत असेल तर टायटॅनियम, इथे टिकते. दांडीच्या आत ५४-१८-१४० असे तीन आकडे असतात, म्हणजे काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. बसणारा एक गॉगल घरी असेल तर त्याचे आकडे लिहून न्या. हेल्मेट घालणाऱ्यांना सरळ, पातळ दांडी लागते. जाड दांडी हेल्मेटमध्ये कानावर दाबते, आणि मग गॉगल खिशात जातो.

मामाचा नवा गॉगल तपकिरी आहे, पॉलिकार्बोनेटचा, नंबरसकट, कडेला वळलेला. संध्याकाळी घरी आला की तो आधी नळाखाली धरतो, कारण वाऱ्याबरोबर बसलेली धूळ आणि मीठ कोरड्या कापडाने पुसलं की काचेवर कणाकणाने ओरखडे पडतात. साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच, मग मऊ कापड. पूर्वी तो शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि गाडीच्या टाकीवर उन्हात ठेवून द्यायचा. आता डबीत ठेवतो. परवा स्टँडवर गेले तर नोटा तपासायचा दिवा त्याच्या हातात होता आणि बाकीचे पायलट आपापले गॉगल घेऊन रांगेत उभे होते.